सहलीहून वेगळी दोन वर्षे

मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथातील तरुण धर्मप्रचारासाठी परदेशात घालवतात ती दोन वर्षे म्हणजे ‘धर्माच्या खर्चाने केलेली भटकंती’, हे त्यांच्याविषयीच्या एका लेखातील विधान मला पटले नाही. जपानमधील नागोया येथे राहत असताना आमच्या इमारतीत येणाऱ्या अशा दोन अमेरिकन मुलांशी माझी ओळख झाली होती. पांढरा सदरा, टाय, खिशावर काळी नामपट्टी आणि वय जेमतेम एकोणीस. तरीही त्यांना ‘एल्डर’, म्हणजे ज्येष्ठ म्हणायचे, याची मला गंमत वाटे.

या प्रचारसेवेचा देश स्वतः निवडता येत नाही आणि खर्चही बहुधा स्वतःच्या किंवा घरच्यांच्या बचतीतून होतो. 2020 पासून अमेरिकेतील मुलांसाठी ही रक्कम दरमहा 500 डॉलर आहे. सकाळी साडेसहाला उठून व्यायाम, धर्मग्रंथांचे वाचन व भाषेचा अभ्यास उरकल्यावर ते सायकलवरून बाहेर पडत, आणि दिवसभरात बहुतेक दारे तोंडावरच बंद होत. सोबत्याला सोडून एकट्याने कुठे जायचे नाही, हा नियम तर मला सर्वांत जाचक वाटला. 2019 पर्यंत घरी फोन करण्याची मुभाही साधारणपणे नाताळ आणि मातृदिन एवढीच होती. त्यानंतर ती दर आठवड्याला मिळाली.

एकदा भर पावसात आलेल्या त्या दोघांपुढे मी सवयीने चहा ठेवला, तेव्हा त्यांनी संकोचून नकार दिला, कारण त्यांच्या पंथात चहा-कॉफी वर्ज्य आहे. मग रत्नागिरीहून आणलेले कोकम सरबत दिले. त्यांच्या धर्ममतांशी मी आजही सहमत नाही. परंतु ओले बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवणाऱ्या त्या मुलांना सहलीला आलेले म्हणणे मला जमणार नाही.