‘६६ टक्के हेट’ म्हणजे ६६ टक्के अल्बिनो पिल्लं नव्हेत

‘अल्बिनो सापांची सहा गुपितं’ असा एक लांबलचक संदेश सध्या फिरतोय. काल तो भाच्याने पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, ६६ टक्के हेट बॉल पायथनची जोडी मिळतेय. दोन तृतीयांश पिल्लं अल्बिनो निघतात म्हणे. घेऊ का?’

निघत नाहीत. आधी हाच मुद्दा घेतो, कारण पैसे इथेच बुडतात.

बॉल पायथन हा हौसेने पाळला जाणारा छोटा आफ्रिकी अजगर. त्याच्यातला अल्बिनोपणा (काळं-तपकिरी रंगद्रव्य नसणं) अप्रभावी आहे. जनुकाची बिघडलेली प्रत आई आणि बाप दोघांकडूनही आली तरच पिल्लू अल्बिनो होतं. एकच बिघडलेली प्रत असलेला साप दिसायला चारचौघांसारखा, पण वाहक. पाळणारे त्याला हेट म्हणतात. दोन पक्के हेट जुळवले की दर अंड्यामागे पाव शक्यता अल्बिनोची, अर्धी हेटची आणि पाव निखळ साध्या सापाची. अल्बिनो बाजूला काढा. उरलेल्या साध्या दिसणाऱ्या तीन वाट्यांपैकी दोन वाटे हेट, म्हणून ६६ टक्के. हा आकडा फक्त एवढंच सांगतो की समोरचा साप वाहक असण्याची शक्यता किती. तो सापाच्या रक्ताचा नाही, पिल्लांचा तर मुळीच नाही. साप एकतर हेट असतो किंवा नसतो.

आता जोडीचा हिशोब. दोघंही खरोखर हेट असण्याची शक्यता दोन तृतीयांश गुणिले दोन तृतीयांश, म्हणजे ४४ टक्के. त्यातही दर अंड्यामागे अल्बिनोची शक्यता पावच, म्हणजे हाती उरले ११ टक्के. कुठे ६६ आणि कुठे ११! मादी विणीला येईपर्यंत साधारण तीन वर्षं आणि दीड किलो वजन व्हावं लागतं. मग वर्षातून फार तर एकदा सहाएक अंडी. त्या सहांत एक तरी अल्बिनो निघण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्या आसपास.

मादी ६६ टक्के हेट म्हणून घेतलीच असेल, तर तिला अल्बिनो नराबरोबर लावा. ती हेट असेल तर दर अंड्यामागे अल्बिनोची शक्यता अर्धी. एकही अल्बिनो पिल्लू निघालं की ती पक्की हेट ठरली. सहाच्या सहा साधी निघाली, तर ती हेट असण्याची शक्यता ६६ वरून ३ टक्क्यांवर येते. बाप अल्बिनो असल्यामुळे ही साधी पिल्लं मात्र सगळी शंभर टक्के हेट. फक्त ती मादी आधी दुसऱ्या नराबरोबर होती का, हे विचारून घ्या. सापाच्या माद्या वीर्य साठवून ठेवू शकतात. पिल्लं आधीच्या नराची निघाली की सगळी चाचणीच फसली.

आता संदेशातली गुपितं. ‘अल्बिनो गुणिले अल्बिनो म्हणजे सगळी अल्बिनो’ हे पहिलं. दोघांत एकच जनुक बिघडलेलं असेल तर खरं, नाहीतर नाही. २०२२ साली ‘प्लॉस वन’ या विज्ञान नियतकालिकात अमेरिकेतल्या ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातल्या गटाचा अभ्यास आला. त्यांनी समाजमाध्यमांवरून लोकांकडून पाळलेल्या बॉल पायथनच्या काती मागवल्या आणि त्यांतून डीएनए काढला. अल्बिनोत टीवायआर जनुकात बिघाड सापडला, ‘लॅव्हेंडर अल्बिनो’ वाणात ओसीए-२ जनुकात, तर ‘अल्ट्रामेल’ वाणात टीवायआरपी-१ मध्ये. रंगद्रव्य बनवण्याचं काम तिघांत वेगवेगळ्या ठिकाणी अडतं. म्हणूनच अल्बिनो आणि लॅव्हेंडर जुळवले की पिल्लं साधी तपकिरी, कारण प्रत्येकाची चांगली प्रत दुसऱ्याची उणीव भरून काढते. बोआ जातीचे साप पाळणाऱ्यांना ‘काल’ (Kahl) आणि ‘शार्प’ या दोन अल्बिनो वाणांमुळे हे जनुकं कळायच्या आधीपासून माहीत होतं. तेव्हा विकणाऱ्याला नुसतं ‘अल्बिनो आहे का’ विचारू नका, वाण कोणता ते विचारा.

‘प्रयोगशाळेत दोन जाती मिसळून बनवतात.’ काहीतरीच. पाळीव अल्बिनो कॉर्न स्नेकची सुरुवात १९५३ मध्ये उत्तर कॅरोलिनात जंगलात सापडलेल्या एका नरापासून झाली. ‘अल्बिनो म्हणजे पांढराशुभ्र.’ नाही. जातं ते फक्त काळं-तपकिरी मेलॅनिन. पिवळा-लाल रंग वेगळ्या पेशींत असतो, तो राहतो. अंगभर पांढरा आणि डोळे निळे किंवा काळे असलेला साप ल्युसिस्टिक, त्याचं कारण वेगळं.

‘भाऊ-बहिणीच्या संबंधातून होतात.’ यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. नातलगांच्या जोड्यांमुळे बिघाड तयार होत नाही, पण लपलेला बाहेर येतो. आणि घाईत पिल्लं काढणारे तेच तेच रक्त फिरवतात, त्याचे वाईट परिणाम होतात. त्यावर उपाय म्हणजे मधूनमधून बिननात्याचा साधा साप आणणं. ‘सगळे आंधळे’ हे मात्र खोटं. प्रखर उजेड त्यांना सोसत नाही, एवढंच. लपायला जागा द्या आणि दिवा बेताचा ठेवा.

सहावं गुपित सगळ्यात जीवघेणं, आणि तेच तळाशी टाकलंय: ‘पांढऱ्या नागाला विष नसतं.’ टीवायआर जनुकावरून बनणारं, मेलॅनिन तयार करणारं टायरोसिनेज हे एन्झाइम रंगपेशीत काम करतं. विष तयार होतं विषग्रंथीत, निराळ्याच जनुकांवरून. परदेशात पाळले जाणारे अल्बिनो मोनोकल्ड कोब्रा (नागाचीच एक जात) पूर्ण विषारी असतात. आपल्याकडे अधूनमधून सापडणारा अल्बिनो नागही तितकाच विषारी. तो चावला तर तासाच्या आत रुग्णालय गाठायचं, आणि प्रतिविषही नेहमीचंच.