सुया आणि आईचे गुडघे

सुया टोचून करायच्या उपचारावर एक लेख वाचला, त्यात म्हटलंय की अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे नुसता प्लासिबो, खरा उपचार नाहीच, विश्वासानेच बरं वाटतं. अर्धं पटलं. २००७ ला जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ पेशंटवर मोठी ट्रायल झाली होती, त्यात खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के लोकांना फरक पडला आणि चुकीच्या जागी वरवर टोचलेल्या खोट्या सुयांनी ४४.२, म्हणजे जवळपास सारखंच, मग ते टोचायचे ठरलेले पॉइंट आणि ती 'ची' (शरीरातून वाहते म्हणतात ती ऊर्जा) वगैरे कशाला पाठ करायची! पण गंमत पुढेच आहे, नेहमीची औषधं आणि फिजिओ घेणाऱ्यांत हाच आकडा २७.४ होता. आता बोला.

आमच्या आईचे गुडघे गेलेत, पेनकिलरनी अ‍ॅसिडिटी व्हायची म्हणून शेवटी सुयांकडे नेलं. केसासारख्या बारीक सुया, गुडघ्याभोवती सहा-सात, त्यातल्या दोनांना चिमटे लावून हलका करंट, वीस मिनिटं. आई म्हणे मुंग्या चावल्यासारखं होतंय पण छान वाटतंय, आणि तिथेच घोरायला लागली. जिना उतरताना कठडा धरायची ते कमी झालं, दोन-तीन आठवडे टिकतं मग परत येरे माझ्या मागल्या. झीज काही भरून आली नाही, एक्सरे तसाच आहे, आणि झीज भरून येते असं सांगणाऱ्यापासून लांबच राहा.

हो आणि सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा, लाजू नका. आमच्या पहिल्या ठिकाणी ट्रेमध्ये उघड्याच पडल्या होत्या, तिथूनच परत फिरलो.