लॅटिन हस्तलिखितांत फक्त फलज्योतिष? फिरत्या मेसेजमधले तीन दावे

‘मध्ययुगीन युरोपात पृथ्वी सपाट मानत, लॅटिन हस्तलिखितांत फलज्योतिष सोडून काही नाही आणि थोडंफार गणित आहे ते भारताचं नाव न घेता उचललेलं’ असा मेसेज फिरतोय. एकेक दावा घेऊ.

‘पृथ्वी सपाट मानत.’ साफ चूक. साक्रोबोस्कोचं ‘दे स्फेरा’ हे खगोलाचं पाठ्यपुस्तक तेराव्या शतकापासून विद्यापीठांत शिकवत. त्यात पुरावेच दिलेत: एकच चंद्रग्रहण पूर्वेकडे रात्री उशिराच्या प्रहरी दिसतं, पश्चिमेकडे लवकरच्या, किनाऱ्यावरची खूण डेकवरून दिसेनाशी झाली तरी डोलकाठीच्या टोकावरून दिसते. बीड या इंग्लिश मठवाशानं तर 725 मध्येच पृथ्वी चेंडूसारखी गोल असल्याचं लिहिलं होतं.

‘फक्त फलज्योतिष.’ फलज्योतिष भरपूर आहे, ते कशाला नाकारा! चंद्र मेषेत असताना डोक्याचं, मीनेत असताना पायाचं रक्त काढू नये, असले नियम पानोपानी सापडतात. पण चंद्र मेषेत आहे हे आधी काढायला नको? आपल्या पंचांगासारखंच, गणित झाल्याशिवाय फल नाही.

ते गणित आल्फोन्सी कोष्टकांत, म्हणजे ग्रहांची स्थानं काढायच्या मध्ययुगीन तक्त्यांत बघा. त्यांच्या वापराचे नियम जॉन ऑफ सॅक्सनीनं 1327 मध्ये पॅरिसमध्ये लिहिले. आधी अहर्गण, म्हणजे ठरलेल्या दिवसापासून उलटलेले दिवस, काढायचा आणि तो साठाच्या पटींत मांडायचा: 10,000 दिवस म्हणजे 2, 46, 40 (2×3600 + 46×60 + 40). मध्यम (सरासरी) गतीचं कोष्टक 1 ते 60 असं एकच. त्यातून 40, 46 आणि 2 समोरचे आकडे घ्यायचे, प्रत्येक वेळी एकेक घर डावीकडे (म्हणजे साठपट) सरकवायचं, बेरीज करून पूर्ण फेरे टाकून द्यायचे. मग मंदफल (सरासरी आणि खऱ्या स्थानातला फरक) वगैरे संस्कार, म्हणजे दुरुस्त्या. घर सरकवायला विसरलात की ग्रह भलतीकडेच. दुसरा सापळा राशीचा: इथली राशी 60 अंशांची असते, त्यामुळे ‘2 राशी 10 अंश’ म्हणजे 130 अंश, 70 नव्हे. शिवाय जुना 4 अर्धवट 8 सारखा आणि 7 उलट्या ‘व्ही’सारखा दिसतो. लेखनिकाची एक ओळ सुटली तर पुढचा अख्खा रकाना सरकतो. म्हणून लागोपाठच्या आकड्यांतले फरक काढून बघावेत; जिथे फरक उडी मारतो तिथे चूक.

‘भारताचं नाव न घेता.’ अर्धसत्य, आणि नावाबद्दल तर खोटंच. अरबीत लिहिणाऱ्या अल्-ख्वारिज्मी या गणितीची कोष्टकं ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतली. अ‍ॅडेलार्ड ऑफ बाथनं ती 1126 च्या सुमारास लॅटिनमध्ये आणली. लॅटिन ग्रंथांत मध्यरेषेसाठी येणारं ‘अरिन’ म्हणजे आपलं उज्जैन, आणि अल्-ख्वारिज्मीच्याच अंकगणिताच्या पुस्तकाच्या लॅटिन भाषांतरात अंक भारतीयांचे असल्याचं सरळ म्हटलंय. पण सगळंच भारतीय नाही. जेरार्ड ऑफ क्रेमोनानं स्पेनमधल्या टोलेडोत 1175 मध्ये भाषांतरित केलेलं ‘अल्माजेस्ट’ हा खगोलग्रंथ ग्रीक टॉलेमीचा. हातातलं कोष्टक कुठल्या घराण्याचं हे सूर्याच्या कमाल मंदफलावरून ओळखता येतं: टॉलेमीचं 2°23′, अल्-ख्वारिज्मीचं (म्हणजे मूळ भारतीय) 2°14′, टोलेडोच्या कोष्टकांत 1°59′10″, आल्फोन्सीत 2°10′.