तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही

काल रात्री पुन्हा तेच. स्वयंपाकघर आवरलं, मुलगी झोपली, दिवा बारीक केला आणि गेल्या रविवारी अर्धा राहिलेला सिनेमा लावला. पडदा काळा झाला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ आली. हे तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.

अरे, गेल्या रविवारी होता की! पहिला सव्वा तास याच सोफ्यावर बसून, याच अकाउंटवरून, महिन्याचे पैसे भरून मी पाहिलाय. झालं असं की मध्ये महिना संपला आणि त्या सिनेमाचा या देशापुरता परवाना संपला. हे मला कोणी आधी सांगितलं? कुणीही नाही. संपायची तारीख त्यांना सही करतानाच माहीत होती. ती सिनेमाच्या नावाखाली लिहायला किती जागा लागली असती? त्याच रविवारी जागून संपवला असता मी.

मी भारतात घरी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, इथे चालतोय गं. आत्ता लावून बघितला." तीच कंपनी, तोच सिनेमा, त्याचं अकाउंट तिकडचं म्हणून त्याला चालतो आणि माझं इकडचं म्हणून मला नाही.

परदेशात येऊन नऊ वर्षं झाली. येताना काय काय सोडावं लागेल याची मनाची तयारी होती. माणसं लांब जाणार, सणासुदीला एकटं वाटणार, कागदपत्रांच्या रांगा लागणार, सगळं धरून चालले होते. सिनेमे, पुस्तकं, गाणी मात्र बरोबर येतील याची मला खात्री होती, कारण त्यांना ना वजन ना आकार. लहानपणापासूनचा छंद आहे हा माझा, आणि इथे तर त्याचाच आधार आहे. दिवसभर परक्या भाषेत बोलून जीभ थकते, तेव्हा रात्रीचे दोन तास मी त्यावर माणसात येते. आणि अडवणूक नेमकी तिथेच.

खऱ्या अडचणीबद्दल मी तक्रार करत नाही. बाबांचा जुना रेकॉर्ड प्लेअर मी हट्टाने सोबत आणला. आपल्याकडची वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची, इथली १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची. व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर घेतला, पण ट्रान्सफॉर्मरने हर्ट्झ बदलत नाहीत आणि त्या प्लेअरची मोटर विजेच्या ठेक्यावरच फिरते. मिनिटाला सव्वातेहतीसच्या जरा वर, म्हणजे ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्या व्हायच्या तिथे तबकडी चाळीस फेऱ्या घेऊ लागली. गाणाऱ्याने लावलेला षड्ज कोमल गंधाराच्या जागी ऐकू यायचा आणि बाबांच्या आवडीच्या ख्यालाची पार वाट लागायची. इथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मोटरची पुली काढली, मोजली आणि व्यास सहाव्या हिश्श्याने कमी करून लेथवर नवी पुली काढून दिली. एका दुपारीत काम झालं. गाणं परत आपल्या सुरात आलं आणि मी त्या दुकानात उभी राहून रडले.

म्हणजे जिथे निसर्गाचा, विजेचा, धातूचा खरा अडथळा होता तिथे वाट निघाली. साठ वर्षांच्या जुन्या यंत्राने नवा देश स्वीकारला. आणि जिथे कसलाच अडथळा नाही, तारेतून नुसते आकडे यायचे आहेत, तिथे मात्र भिंत. ही भिंत माणसांनी मुद्दाम, विचार करून बांधली आहे, म्हणूनच माझा जीव एवढा जळतो.

ही भिंत आजची नाही. डीव्हीडी आल्या तेव्हाच सिनेमा कंपन्यांनी जगाचे सहा तुकडे पाडले. अमेरिका-कॅनडाला क्रमांक एक, युरोप आणि जपानला दोन, भारताला पाच, चीनला सहा. विमानं आणि जहाजांसाठीसुद्धा वेगळा आठ नंबर ठेवला. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही तीन देशांत राहिलो, त्यामुळे माझ्या कपाटात तीन नंबरांच्या डिस्क आहेत. सगळ्या रीतसर दुकानातून पावतीसह घेतलेल्या. डिस्कचा आणि ड्राइव्हचा नंबर जुळला तरच ती चालते, आणि कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर हा नंबर फक्त पाच वेळा बदलता येतो. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. माझे पाच बदल संपले त्या दिवशी कपाटातल्या निम्म्याहून जास्त डिस्क त्या ड्राइव्हपुरत्या मेल्या. डिस्क शाबूत, ड्राइव्ह शाबूत, बघणारी मी समोर बसलेली, तरीही नाही.

तेव्हा कारण असं देत की सिनेमा सगळीकडे एकाच वेळी लागत नाही. रिळांचे डबे एका देशातून दुसऱ्या देशात जायचे, एकीकडे डीव्हीडी निघायची तेव्हा दुसरीकडे थिएटरात सिनेमा लागायचा असायचा. ठीक आहे, त्या काळापुरतं मानलं. आता कितीतरी सिनेमे जगभर एकाच शुक्रवारी लागतात. रिळं गेली, डबे गेले, भिंत तेवढी राहिली. ब्लू-रे आली तेव्हा सहाऐवजी तीन तुकडे केले, ए, बी आणि सी. पुढे २०१६ साली फोर-के ब्लू-रे आली, तिच्यात हे प्रदेशाचं कुलूप ठेवलंच नाही. त्यावाचून कुणाचं दिवाळं वाजलं? मग आधीच्या सगळ्या डिस्कवर ते लादायची गरज काय होती?

पुस्तकांचं तर विचारूच नका. माझ्या वाचनयंत्रावर दोनशेच्या वर ई-पुस्तकं आहेत, वर्षानुवर्षं एकेक करून घेतलेली. एका कादंबरीचे पहिले दोन भाग मी घरच्या अकाउंटवर विकत घेतले. दोन वर्षांपूर्वी इथला पत्ता घातला. आता तिसरा भाग निघालाय आणि तो 'या देशात विक्रीसाठी नाही'. त्याच लेखकाचे, त्याच मालिकेतले दोन भाग त्याच यंत्रात पडलेत! बरं, अकाउंटचा देश परत बदलावा तर आधी शिल्लक पैसे संपवा, चालू असलेली वर्गणी रद्द करा, त्या देशातलं कार्ड जोडा. काही ठिकाणी तर वर्षातून एकदाच देश बदलता येतो.

घरचं कार्ड जोडलं की ओटीपी घरच्या नंबरवर जातो. ते सिम भावाकडे आहे. मी मोकळी होते तेव्हा तिकडे पहाट असते. त्याला मी किती वेळा उठवलंय याला गणतीच नाही. बिचारा डोळे चोळत सहा आकडे वाचून दाखवतो, तेवढ्यात इकडे मुदत संपलेली असते, की पुन्हा पहिल्यापासून. एका पुस्तकासाठी! परवा तो म्हणाला, "ताई, मीच घेतो आणि तुला फोनवर वाचून दाखवतो." प्रेमाने म्हणाला, पण फोन ठेवल्यावर मला भयंकर चीड आली. चाळिशीतल्या बाईला स्वतःच्या पैशांनी स्वतःच्या भाषेतलं पुस्तक घेता येऊ नये?

आणि तो शब्द! 'उपलब्ध नाही.' धडधडीत खोटं आहे ते. छापील पुस्तकाच्या प्रती संपतात, नवी आवृत्ती निघेपर्यंत थांबावं लागतं, तिथे हा शब्द शोभतो. ई-पुस्तकाची प्रत संपत नाही. ते आहे, सर्व्हरवर आहे, पुढच्या सेकंदाला माझ्या हातात येऊ शकतं. तुम्ही देत नाही आहात. मग तसं लिहा ना, 'आम्ही तुम्हाला देत नाही'. निदान कोणाशी भांडायचं ते तरी कळेल.

कागदाला हा नियम लागत नाही याचं मला अजूनच वाईट वाटतं. थायलंडहून अमेरिकेत शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याने घरच्यांकडून तिकडच्या स्वस्त आवृत्तीची पाठ्यपुस्तकं मागवली आणि इथे विकली. प्रकाशकाने खटला भरला. २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला. पुस्तक परदेशात रीतसर विकत घेतलं की ते घेणाऱ्याचं झालं, पुढे त्याने ते विकावं की ठेवावं हा त्याचा प्रश्न. तेच ई-पुस्तकाला लावायला गेलं तर युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये सांगितलं की वापरलेलं ई-पुस्तक पुढे विकता येत नाही. म्हणजे किंमत पूर्ण मोजायची आणि मालकी अर्धीसुद्धा नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं त्यांच्या यंत्रांतून गेली. पैसे परत दिले, हे खरं. पण वाचता वाचता कुणी हातातून पुस्तक काढून घेतलं आणि वर नोटा ठेवल्या, तर त्याला काय म्हणायचं?

युरोपने निदान प्रयत्न केला. १ एप्रिल २०१८ पासून तिथे नियम आहे की संघातल्या एका देशात पैसे भरून घेतलेली वर्गणी दुसऱ्या सदस्य देशात गेल्यावरही तशीच चालली पाहिजे. पण कुणासाठी, तर तात्पुरत्या गेलेल्यासाठी. सुट्टीवर जाणाऱ्याला मिळतं, बिऱ्हाड हलवून गेलेल्याला नाही. ज्याला घरच्या भाषेची रोज भूक लागते तोच बाहेर!

हक्क देशवार विकले जातात हे मला कळतं. लेखकाला, दिग्दर्शकाला, वादकाला पैसे मिळायलाच हवेत. म्हणून तर मी विकत घेते, चोरून आणत नाही. पण माझ्या भाषेतल्या कादंबरीचे इथले हक्क घ्यायला कोण बसलंय? कुणीच ते घेतलेले नाहीत, पुढेही घेणार नाहीत. मग मी पैसे द्यायला तयार असताना नाकारून कुणाचं पोट भरतं? लेखकाचं तर नाहीच. आणि ज्यांना चोरायचंय ते रिलीजच्या दुसऱ्या दिवशी सगळं उतरवून मोकळे होतात, त्यांना कसला प्रदेश विचारता! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. व्हीपीएन, म्हणजे आपण दुसऱ्याच देशात आहोत असं भासवणारी सोय, लावा म्हणून लोक सल्ला देतात. लावून पाहिला. दोन दिवसांत ओळखून बंद केला आणि मला ताकीद आली की अटी मोडल्यात. माझ्याच पैशांची वस्तू बघायला मी तोंड लपवून जायचं आणि वरून गुन्हेगार ठरायचं?

काल रात्रीच कस्टमर केअरशी चॅट केलं. पलीकडच्या माणसाने विचारलं, "आपण सध्या प्रवासात आहात का?" नाही, मी इथे राहते. "मग आपला मूळ देश कोणता?" जन्म तिकडचा, घर इकडे, कार्ड दोन्हीकडची. "सिस्टीममध्ये एकच देश निवडता येतो, मॅडम." त्या माणसावर माझा राग नाही, त्याच्यापुढे जे चौकोन आहेत ते तो भरणार. पण ज्यांनी ते चौकोन आखले त्यांना कधी दिसलंच नाही का की जगात कोट्यवधी माणसं जन्मली एका देशात आणि राहतात दुसऱ्या? आम्ही काही चुकून घसरलेल्या नोंदी नाही. महिन्याच्या महिन्याला पैसे कापून घेताना कधी विचारलंत का, आपण प्रवासात आहात का?

मी त्या चॅटमध्ये लिहिलं की सिनेमा जाणार असेल तर तारीख आधी दाखवा, पैसे देऊन घेतलेलं पत्ता बदलला म्हणून काढून घेऊ नका, आणि ज्या देशात हक्क कुणी घेतलेलेच नाहीत तिथे सरळ मूळ प्रकाशकाला विकू द्या. उत्तर आलं, "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत," आणि पाठोपाठ चॅट बंद.

भाऊ पुढच्या महिन्यात येतोय. कादंबरीचा तिसरा भाग छापील आण म्हणून सांगितलंय, कपडे कमी आण पण तो आण. सिनेमाचा शेवट आत्ताच सांगू का, असं तो विचारत होता. मी नको म्हटलं. सव्वा तास पाहिलाय मी तो, ती मुलगी अजून स्टेशनवर उभी आहे, आणि पुढे काय होतं ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.