तात्यांचा खडा पडला, की नुसतं दुखायचं थांबलं?

नमस्कार. मुतखड्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाकीच्यांसाठी ती थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की मी मेडिकलवाला, डॉक्टर नव्हे, तेव्हा रोगांवर लिहायचं मला काही कारण नाही. हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, काढ्याची मी टिंगल केली. तुमच्या तात्यांचा ७ एमएमचा खडा हुलग्याचं पाणी आणि पानफुटीची पानं यांनी आठ दिवसांत गेला, आणि मी मात्र लोकांना मिरजेला ऑपरेशनला पिटाळतोय. शिवाय आटपाडी-जतकडं खडे होतात ते क्षाराच्या पाण्यानं, हे लेखात आलंच नाही.

पहिलं मान्य. तासगावात तीस वर्षं काउंटरमागं उभा आहे, तरी रोगनिदान माझं काम नाही. टिंगलीचंही मान्य. ‘हुलग्यानं खडे विरघळत असते तर माडगं खाऊन वाढलेल्या आमच्या पिढीला मुतखडा माहीतच नसता’ हे वाक्य जरा चढेल झालं, ते काढून टाकतो. हुलग्याचं माडगं मी अजून खातो, थंडीत तर वाटीनं नाही, वाडग्यानं.

पण एक विचारू? तात्यांचा खडा गेला हे कशावरून? पडताना दिसला, भांड्यात टिंग वाजला, की सोनोग्राफी पुन्हा केली? तुम्ही लिहिलंय एवढंच, ‘आठव्या दिवशी दुखायचं थांबलं’.

सगळी मेख तिथंच आहे. खडा टोचतो म्हणून कळ येते, असा आपला समज. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडं येणारी नळी साधारण २५ सेंटीमीटर लांब आणि आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर. तिच्यात खडा बसला की मागं लघवी तुंबते. कॅनॉलच्या मोरीत उसाचं पाचट अडकल्यावर वरच्या अंगाला पाणी चढतं, तसं. किडनी फुगते, तिच्यावरचं आवरण ताणतं आणि कमरेतून जांघेत उतरणारी ती कळ सुटते. माणूस एका जागी पडू शकत नाही. गडाबडा लोळतो, उठतो, फेऱ्या मारतो, ओकतो.

आता पुढचं ऐका. खडा तसाच अडकून राहिला तर काही दिवसांनी त्या बाजूची किडनी गाळायचं काम कमी करते. लघवीच कमी बनली की ताण उतरतो आणि कळ थांबते. खडा जागेवरच! घरचे म्हणतात, काढ्याचा गुण आला. अडथळा पुरता असेल आणि असे चार-सहा आठवडे गेले, तर त्या किडनीचं काम कायमचं घटू शकतं. दुसरी किडनी भार उचलत असते, म्हणून बाहेरून काही कळतही नाही.

तात्यांचं तसंच झालंय असं मी म्हणत नाही. पाच ते दहा एमएमचे जवळजवळ निम्मे खडे आपले आपण पडतात, पाचच्या आतले तर तीनातले दोन. त्यामुळं खडा खरोखर पडलाही असेल. मात्र त्या आठ दिवसांत तात्यांनी हुलग्याऐवजी दुसरं काही घेतलं असतं, तर आज त्याचं नाव झालं असतं.

हुलग्यानं खडा ‘विरघळतो’ हे लोकांना पटतं, त्याला कारण आहे. आमच्या भागात द्राक्षवाल्यांना ड्रिपची नळी क्षारानं तुंबली की ॲसिड सोडून ती मोकळी करायची सवय आहे. तोच हिशोब पोटात लावला जातो. पण बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते विरघळवणारं औषध माझ्या दुकानातल्या एकाही फळीवर नाही, ॲलोपॅथीचंही नाही. विरघळतो तो युरिक ॲसिडचा खडा, आणि तोही लघवीची आम्लता वाढवून नव्हे, कमी करून. म्हणजे ड्रिपच्या अगदी उलट. काढ्यातून पाणी पोटात जातं, लघवी वाढते, ते चांगलंच. फक्त ऐन कळ चालू असताना तांब्यावर तांब्या पाणी पाजू नका. त्यानं खडा ढकलला जात नाही, तुंबलेल्यात भर पडते. बिअरचंही तेच.

आयुर्वेदाचा दाखला तुम्ही दिलात म्हणून सांगतो. सुश्रुतसंहितेत अश्मरीवर काढे आहेत, कुलत्थ म्हणजे आपला हुलगाही आहे. आणि औषधानं भागलं नाही तर शस्त्रानं खडा काढायची रीतही तिथंच दिलीय, राजाची परवानगी घेऊन. आज परवानगीच्या जागी संमतीपत्रावर सही असते. कापाकापी तर फार कमी झाली. १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसाच्या अंगातला खडा बाहेरून धक्कालहरी देऊन फोडला. आपल्याकडं त्यालाही ‘लेझर’च म्हणतात. खरं लेझर वेगळं, ते लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून करतात. त्यात किडनीपासून मूत्राशयापर्यंत तात्पुरती नळी (स्टेंट) ठेवली असेल तर ती काढायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, लोक विसरतात.

आता माझी चूक, जी तुम्ही पकडली नाहीत. मूळ लेखात तापाचा उल्लेख राहिला, आणि तो राहायला नको होता. बरीच वर्षं झाली, एक ओळखीचा बागायतदार खड्याच्या कळेवर गोळ्या न्यायला आला. चिठ्ठी नव्हती. ओळखीवर दिल्या. दोन दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा दिल्या. चौथ्या दिवशी त्याचा भाऊ त्याला मोटरसायकलवर मधे बसवून घेऊन आला. मे महिना, आणि हा घोंगडं पांघरून दात वाजवतोय. मी हात लावला आणि शटर तसंच अर्धं ओढून गाडी बोलावली. मिरजेत त्याच रात्री नळी टाकून तुंबलेली लघवी मोकळी केली. पू होता. खडा नंतर काढला, त्याची घाई नव्हती. अडकलेल्या खड्यावर थंडीताप आला, लघवी बंद झाली, किंवा माणसाला किडनीच एक असेल, तर काढाही नको आणि माझी गोळीही नको. ती कळ मारणारी गोळी नाजूक झालेल्या किडनीला वर आणखी मार देते.

क्षाराचं पाणी. जड पाण्यावर खापर फोडणं सोपं आहे, पण पाण्यातल्या क्षारापेक्षा कमी पडणारं पाणी जास्त नडतं. विटा-खानापूरचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, मुलखभर भट्टीपुढं बसतात, खडे त्यांनाही होतात, त्यांच्या गावातलं पाणी तर कधीच मागं राहिलं. एप्रिलात द्राक्षाच्या खरड छाटणीला उन्हात उभ्या असणाऱ्या बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण बागेत आडोसा नसतो. हे त्यांनीच मला काउंटरवर, हळू आवाजात सांगितलंय. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला पाहिजे. नुसतं पाणी किती प्यालो ते मोजून उपयोग नाही, उन्हात बरंच घामावाटे जातं.

टोमॅटोच्या बियांचा खड्याशी संबंध नाही. दूध-दही तोडू नका. जेवणातलं कॅल्शियम पालेभाजीतल्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं, ताकातला चाकवत करणाऱ्या आज्जीला हे कुणी शिकवलं नव्हतं. कमी करायचं ते मीठ: लोणचं, पापड, आणि हो, भडंगसुद्धा. कोरोनात लागलेली व्हिटॅमिन सीची गोळी अजून चालू असेल तर तीही बंद करा, मी स्वतः पोत्यानं विकलीय.

राहिले तात्या. त्यांना एकदा सोनोग्राफीला न्या, जुना रिपोर्ट बरोबर असू दे. पुढच्या वेळी खडा पडतोय असं वाटलं तर गाळणीतून लघवी गाळून तो काडेपेटीत ठेवा, कशाचा आहे ते तपासता येतं. तात्या म्हणतील, आता दुखत नाही तर कशाला? तेव्हा सांगा, हुलगे बंद करायला कुणी सांगत नाही. सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं लागतं, चार ग्लास पिऊन लघवी रोखून जायचं असतं. ते चार ग्लास हुलग्याच्या पाण्याचे असले तरी चालतील.