"आमच्या काळी असलं काही नव्हतं" हे खोटं आहे, आणि ते पुढे पाठवणं थांबवा

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुमच्याही एखाद्या ग्रुपवर येऊन गेला असेल. वरती हात जोडलेले, खाली "पटलं तर पुढे पाठवा". मजकूर थोडक्यात असा की आमच्या काळी शाळेत असले घाणेरडे प्रकार नव्हते, मास्तरांनी पाठीवरून हात फिरवला तर आम्ही आशीर्वाद समजायचो, आताच्या पिढीला प्रत्येक स्पर्शात पाप दिसतं, गुड टच बॅड टच शिकवून पोरांची निरागसता घालवली, पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, नव्वद टक्के केसेस खोट्या असतात, मुलग्यांना तर काय होतंय, आणि कुठे काही झालंच तर शाळेची अब्रू चव्हाट्यावर न आणता चार शहाण्या माणसांनी बसून मिटवून टाकावं.

आमच्या घरच्या ग्रुपवर तो आत्यानं टाकला, "अगदी खरं" असं वर लिहून. एरवी मी सोडून दिलं असतं, घरातल्या ग्रुपवर कोण वाद घालत बसणार. पण माझी वहिनी भाच्याच्या शाळेच्या व्हॅनवरच्या माणसाबद्दल मुख्याध्यापकांना भेटायला जाणार होती, पोरगा काहीतरी विचित्र सांगत होता म्हणून. तो मेसेज वाचून ती म्हणाली, जाऊ दे, उगाच आजकालचे पालक म्हणतील. तिथे माझं डोकं फिरलं. एक फॉरवर्ड एका आईला गप्प बसवत असेल तर त्याला उत्तर द्यायलाच हवं.

पहिलं, आमच्या काळी नव्हतं. होतं हो. मी नव्वदच्या दशकात शाळेत होते. आमच्याकडे एक सर होते, वही तपासताना मुलीला टेबलाच्या या बाजूला उभं न करता खुर्चीच्या अगदी शेजारी बोलवायचे, आणि एक हात वहीवर असला तरी दुसरा कुठे असायचा हे वर्गातल्या प्रत्येकीला माहीत होतं. आठवीत गेल्या गेल्या नववीच्या मुलींनी आम्हाला सांगून ठेवलं होतं की त्या सरांकडे एकटीनं वही न्यायची नाही, दोघींनी जायचं, आणि ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिन लावून जायचं. आम्ही हे पुढे पुढच्या आठवीला सांगितलं. म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या पोरी एकमेकींना वाचवत होत्या आणि स्टाफरूममधले सगळे मोठे लोक चहा पीत होते. ही कुठली पवित्र शाळा?

आत्याला मी फोन केला. ग्रुपवर नाही, वेगळा. तिला विचारलं, तुमच्या शाळेत खरंच असं कोणी नव्हतं का. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, होते एक मास्तर, त्यांच्या तासाला आम्ही पुढच्या बाकावर बसत नसू. हे तिला पन्नास वर्षांनी आठवतंय, बाक कुठला तेही आठवतंय, तरी तिनं मेसेज पुढे पाठवला. मी तिला दोष देत नाही, तिच्या पिढीला ही गोष्ट शाळेबाहेर नेता येते हेच कोणी सांगितलं नव्हतं. घरी सांगितलं तर शाळा बंद आणि वर्षभरात लग्न, हे मुलींना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तोंड बंद. पण "आम्ही सांगितलं नाही" आणि "असं घडलं नाही" यात फरक आहे की नाही?

आणि माझ्या-आत्याच्या आठवणी बाजूला ठेवा. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा बाल अत्याचारावरचा अभ्यास आहे, १३ राज्यांतला, महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात आहेत. ५ ते १८ वयाच्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी सांगितलं की आमच्यावर कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झालाय, आणि २०.९० टक्क्यांनी गंभीर प्रकार सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागेवरचे. बहुतेकांनी ही गोष्ट कोणालाच सांगितलेली नव्हती. आता हे मान्य करते की हा आकडा फक्त शाळांचा नाही, घर, शेजार, कामाची जागा सगळं त्यात आलं, आणि व्याख्याही बरीच मोठी होती. तरी बघा, त्या वेळी ५ ते १८ वर्षांची असलेली ती मुलं आज पंचविशी ते चाळिशीत आहेत, त्यांच्यातले कित्येक आता आईबाप झालेत. ज्या "चांगल्या काळा"चे गोडवे गायले जातायत त्याच काळातली ही मुलं. ती आज आपल्या पोरांबाबत जास्त सावध आहेत तर ते नाजूक झाले म्हणून नाही, त्यांना माहीत आहे म्हणून.

केसेस नव्हत्या म्हणता ना, तर कायदाच कुठे होता? पोक्सो आला २०१२ मध्ये, लागू झाला १४ नोव्हेंबरला. त्याच्या आधी मुलीच्या अंगाला हात लावला तर भारतीय दंड संहितेचं कलम ३५४, म्हणजे विनयभंग, तेही स्त्रीच्या बाबतीत, जास्तीत जास्त दोन वर्षं. मुलग्याला कोणी नको तिथे हात लावला तर त्यासाठी धड कलमच नव्हतं, थेट कलम ३७७, म्हणजे अनैसर्गिक संभोग, इथपर्यंत गोष्ट गेली तरच. मग नोंद कशाची होणार? तेव्हा रजिस्टर कोरं होतं ते यामुळे.

मुलग्यांचं निघालंच आहे तर तेही इथेच संपवते. त्याच अभ्यासात अत्याचार झालेल्या मुलांमध्ये ५२.९४ टक्के मुलगे होते. निम्म्याहून जास्त. पोक्सोमध्ये मूल म्हणजे १८ च्या खालचं कोणीही, मुलगा असो मुलगी असो. "मुलग्यांना काय होतंय" लिहिणाऱ्यानं हॉस्टेलमध्ये किंवा कॅम्पला राहून आलेल्या चार पुरुषांशी एकांतात बोलावं, चाळिशीतला माणूस बोलता बोलता मध्येच थांबतो आणि विषय बदलतो.

आशीर्वादाचा हात. यात अर्धं खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. पडल्यावर गुडघ्याची जखम धुऊन हळद लावणाऱ्या बाई मलाही होत्या, बक्षीस मिळाल्यावर पाठीवर जोरात थाप मारणारे सरही होते. आजचे चांगले शिक्षक खरंच बावरलेत, बालवाडीच्या बाई विचारतात की रडणाऱ्या पोराला जवळ घेऊ का नको. त्याला कारण हेच की शाळा शिक्षकांना नीट बसवून नियम सांगत नाहीत, नुसता एक कागद सही करायला देतात. पण माया आणि चाळे यातला फरक पोराला कळतो, मेसेज लिहिणाऱ्यालाच कळत नाही असं दिसतंय. कायद्यातही लैंगिक हेतू लागतो. २०२१ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल आला होता, पेरू देतो म्हणून १२ वर्षांच्या मुलीला घरी नेलेल्या माणसाचा, की कपड्यावरून हात लावला, त्वचेला त्वचा लागली नाही म्हणून पोक्सोचं लैंगिक हल्ल्याचं कलम लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला आणि सांगितलं की बघायचं ते हेतू काय होता. म्हणजे पाठीवर थाप मारणाऱ्या सरांना यातून भीती नाही.

निरागसता घालवली म्हणे. ज्या पोराला त्या अवयवाचं नावच कोणी शिकवलं नाही ते सांगणार कसं? ते म्हणतं पोट दुखतंय, आई ओवा देते, आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच माणसाच्या ताब्यात पाठवते. निरागसता जाते ती त्या माणसामुळे, चित्राच्या पुस्तकातल्या धड्यामुळे नाही.

नव्वद टक्के खोट्या, हा आकडा कुठून आला ते मेसेजमध्ये नाही, कारण तो कुठूनच आलेला नाही. निर्दोष सुटण्याचं प्रमाण बरंच आहे हे खरं. पण सुटला म्हणजे तक्रार खोटी होती असं नसतं. केस वर्षानुवर्षं चालते, मधल्या काळात मुलीच्या बापाला कोणी कोणी भेटून जातं, आई साक्ष फिरवते. आणि दुसरा भाग असा की एन्फोल्ड या संस्थेनं आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधले २०१६ ते २०२० चे ७,०६४ निकाल तपासले, त्यात जवळपास चौथा हिस्सा प्रेमप्रकरणांचा निघाला, सतरा वर्षांची पोरगी पळून गेली आणि घरच्यांनी पोक्सो लावला असल्या केसेस. तो कायद्याचा चुकीचा वापर आहे, त्यावर जरूर बोला. पण त्याचा बालवाडीतल्या पोरीशी किंवा वही तपासणाऱ्या सरांशी काय संबंध? उगाच बदनामी करायला, पैसे उकळायला खोटी तक्रार केली तर शिक्षा पोक्सोच्या कलम २२ मध्येच आहे, फक्त मुलाला शिक्षा होत नाही.

आता शेवटचा मुद्दा, ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसले. "चार शहाण्यांनी बसून मिटवावं." हे मिटवणं कसं असतं ते सांगते. मुख्याध्यापकांची केबिन, संस्थेचा एक पदाधिकारी, गावातलं एखादं वजनदार माणूस, कोपऱ्यात मान खाली घालून बसलेले सर आणि टेबलाच्या अलीकडे मुलीचा बाप. पोरगी बाहेर बाकावर. आत सांगतात की सरांना दोन मुली आहेत, त्यांचं बघा, तुमच्या मुलीचंही उद्या लग्न व्हायचंय. मग बाप एका कागदावर सही करतो की गैरसमज झाला होता. महिन्याभरात मुलीचं नाव शाळेतून काढलं जातं आणि सरांची बदली होते, बहुतेक वेळा आणखी आडगावात, जिथे पालक आणखी गरीब आणि पोलीस आणखी लांब. मिटलं कुठे, पुढच्या शाळेत पोचवलं.

राजस्थानात नेमकं असंच झालं. शिक्षकानं विद्यार्थिनीच्या छातीला हात लावल्याची तक्रार, मग गैरसमज झाला असं घरच्यांकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं, आणि हायकोर्टानं तडजोड झाली म्हणून २०२२ मध्ये गुन्हाच रद्द केला. मुलीच्या घरचे वर गेले नाहीत. गेले कोण, तर त्याच भागातले, नात्याचे ना गोत्याचे असे गावकरी. सर्वोच्च न्यायालयानं ७ नोव्हेंबर २०२४ ला तो निकाल फिरवला आणि म्हटलं की शाळेत घडलेली असली गोष्ट दोन घरांमधला खासगी मामला नसतो, तडजोडीनं ती संपत नाही. केस परत सुरू. हे गावकरी मला त्या चार शहाण्यांपेक्षा कितीतरी मोठे वाटतात.

आणि बदलापूर विसरलात का? ऑगस्ट २०२४, बालवाडीतल्या दोन चिमुकल्या, आरोपी शाळेचाच सफाई कर्मचारी. मुलींनी घरी सांगितलं, आईबापांनी ऐकलं, डॉक्टरकडे नेलं, आणि पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवायला त्यांना अर्धा दिवस तिष्ठत बसावं लागलं. मग २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, लोकल तासन् तास बंद होती, मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. संस्थेच्या लोकांवरही वेळेत कळवलं नाही म्हणून गुन्हा दाखल झाला. तिथे पोरी नीट बोलल्या, कमी पडली ती मोठी माणसं.

मिटवायला सांगणाऱ्या प्रत्येकानं पोक्सोचं कलम १९ आणि २१ वाचावं. असं काही घडलंय किंवा घडेल असं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, कोणालाही, आणि न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर एक वर्षापर्यंत. म्हणजे हा मेसेज मुख्याध्यापकांना सरळ गुन्हा करायला सांगतोय. शाळेच्या कर्मचाऱ्यानं केलं असेल तर कायदा ते जास्त गंभीर धरतो, कमी नाही.

पोलीस ठाण्याची भीती मात्र खरी आहे, ती मी समजू शकते. म्हणून हे माहीत असू द्या की मुलाला ठाण्यात न्यावंच लागत नाही. जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, साध्या कपड्यात, आणि मुलाचं नाव, फोटो, शाळा कुठेही छापायला बंदी आहे. चांगल्या हेतूनं माहिती दिली आणि पुढे त्यात तथ्य निघालं नाही तरी सांगणाऱ्यावर कारवाई होत नाही. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी असा राज्याचा २०२२ चा शासन निर्णय आहे, तिच्यात कोण आहेत ते मुख्याध्यापकांना लेखी विचारा, व्हॅनवाल्याचं, शिपायाचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का तेही त्याच पत्रात विचारा, आणि पोचेवर शिक्का घ्या. शाळेत जायचा धीर होत नसेल तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा, रात्री-अपरात्री केलात तरी चालतो.