पेअरची क्लाफुती फसते म्हणे!

सप्टेंबर-ऑक्टोबरात बाजारात किन्नौरची सफरचंदं आणि काश्मीरची नासपती दिसायला लागली, की एक सल्ला या फोनवरून त्या फोनवर फिरायला लागतो. सल्ला साधारण असा: क्लाफुती, म्हणजे दूध, अंडी, साखर आणि थोड्या मैद्याच्या पातळ मिश्रणात फळं घालून ओव्हनमध्ये भाजलेला तो फ्रेंच गोड पदार्थ, खरा चेरीचाच. चेरीही बियांसकट हवी. पेअर, सफरचंद अशी शरदातली फळं घातली की क्लाफुतीला पाणी सुटतं, ती मधोमध खचते आणि अंड्याचा वास मारते. करायचीच असेल तर मैदा दुप्पट घ्या, बेकिंग पावडर घाला, चांगली खरपूस होईतो भाजा. अंडी चालत नसतील तर कस्टर्ड पावडर आहेच.

यातलं वाक्यन् वाक्य ऐकायला पटतं, म्हणून तर ते पुढे ढकललं जातं. पण बहुतेक वाक्यं चूक आहेत, आणि एक-दोन तर अशी आहेत की ती पाळल्यामुळेच पदार्थ बिघडतो आणि खापर बिचाऱ्या पेअरवर फुटतं.

“खरी क्लाफुती चेरीचीच”

नावापुरतं बोलायचं तर कबूल. मध्य फ्रान्सच्या लिमुझाँ भागात क्लाफुती म्हटलं की काळी चेरीच, आणि तिथले लोक याबाबतीत चांगलेच हट्टी आहेत. पण चेरीचा हंगाम उन्हाळ्यातला, आणि तोही थोडक्यात आटोपणारा. तो संपला म्हणून लिमुझाँच्या घराघरातले ओव्हन थंड पडत नाहीत. त्याच भागात आणि शेजारच्या ओव्हेर्न्य, पेरिगोरमध्ये जवळपास त्याच मिश्रणात सफरचंद, पेअर किंवा सुके आलुबुखार घालून भाजतात आणि त्याला फ्लोन्यार्द म्हणतात. तिकडे पश्चिमेला ब्रिटनीत याच घराण्यातला फार ब्रेतों आहे. त्यात मैदा जरा जास्त, पोत घट्ट आणि आत काळेभोर आलुबुखार. नैर्ऋत्येकडच्या आजां गावाच्या नावाने विकले जाणारे आलुबुखार त्यासाठी नावाजलेले.

तेव्हा शरदातल्या फळांची क्लाफुती ही चेरी मिळाली नाही म्हणून केलेली तडजोड नव्हे. तो स्वतंत्र, जुना, शेतकऱ्यांच्या घरचा पदार्थ आहे. तुम्ही त्याला क्लाफुती म्हणा नाहीतर फ्लोन्यार्द, लिमुझाँचा माणूस शेजारी बसलेला नसेल तर काही बिघडत नाही.

“बिया ठेवा, बदामाची चव उतरते”

हे तर इतक्या वेळा लिहिलं गेलंय की आता कोणी तपासतही नाही. चेरीच्या बीमध्ये, म्हणजे टणक कवचाच्या आतल्या मगजात, अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं. मगज ठेचला गेला की त्यातलाच एक विकर त्या द्रव्यावर काम करतो आणि बदामी वासाचं बेन्झाल्डिहाइड तयार होतं (सोबत थोडं सायनाइडही, म्हणून बिया फोडून घालायच्या फंदात पडू नये). अख्खी, न फुटलेली बी पाऊण तास ओव्हनमध्ये राहिली तर मगज ठेचला जात नाही, कवच उघडत नाही आणि उष्णतेने तो विकरही निकामी होतो. मग चव उतरणार कुठून? तो हलका बदामी वास चेरीच्या गरातही मुळात असतोच.

बिया ठेवण्याचा खरा फायदा वेगळा आहे: फळ अख्खं राहतं, साल फाटत नाही, रस आतच राहतो. पाण्याच्या भानगडीचं अर्धं उत्तर यातच आहे.

“पेअर-सफरचंद पाणी सोडतात”

सोडतात. पण त्यांच्यात पाणी जास्त असतं म्हणून नाही. पेअरमध्ये साधारण 84 टक्के पाणी, सफरचंदात 85-86, चेरीत 82 च्या आसपास. दोन-चार टक्क्यांनी कोणाची क्लाफुती बुडत नाही. फरक आहे तो चिरण्याचा. चेरी आपल्या सालीत बंद असते. पेअर मात्र आपण सोलतो, मधला भाग काढतो, फोडी करतो. म्हणजे चारही बाजूंनी रस सुटायला वाट मोकळी. त्यावर साखर भुरभुरवून फळं बाजूला ठेवली (हेही त्या सल्ल्यातच असतं!) की साखर उरलासुरला रस ओढून बाहेर काढते, आणि तो सगळा कच्च्या मिश्रणात मिसळतो.

उपाय मैद्यात नाही, पॅनमध्ये आहे. पसरट पॅनमध्ये चमचाभर लोणी तापवून पेअरच्या जाडसर फोडी एकाच थरात पसराव्यात आणि वर थोडी साखर घालावी. पहिली दोन-तीन मिनिटं जोरात चरचर होईल, मग फोडी रस सोडतील आणि आवाज बदलून खदखद सुरू होईल. इथेच बहुतेक जण घाबरून गॅस बंद करतात. करू नका. आच मोठीच ठेवा. रस आटत आटत दाट होतो, फोडींना चिकटतो, आणि चरचर पुन्हा सुरू होते. कडा किंचित तांबूस झाल्या की झालं. आता त्या फोडींकडे ओव्हनमध्ये सोडायला फारसं पाणी उरलेलं नसतं, आणि चव कच्च्या पेअरपेक्षा कितीतरी गडद झालेली असते. गार करूनच मिश्रणात घाला.

पेअर निवडतानाही थोडं बघावं लागतं. पेअर झाडावरून उतरवल्यावर पिकतो, आणि आतून बाहेर पिकत येतो. बाहेरून मऊ लागला म्हणजे आत बहुधा लगदा झालेला असतो. देठाजवळ अंगठ्याने दाबल्यावर जरासा दबेल आणि बाकी अंग घट्ट असेल, तो घ्या. सफरचंदांत गोल्डन चांगलं टिकतं. रॉयल डिलिशियस नुसतं खायला गोड, पण भाजल्यावर रवाळ आणि फिकं होतं. फ्रान्समध्ये यासाठी रेनेत जातीची आंबटसर सफरचंदं घेतात.

पूर्व फ्रान्समध्ये आल्सास-लोरेनकडे क्वेच नावाचे लांबट, जांभळे प्लम ऑगस्टअखेरीपासून येतात. त्यांचा गर मुळातच कोरडा, शिवाय अर्धे कापून कापलेली बाजू वर ठेवली की रस वरच्या वर आटतो. आपल्याकडे हिमाचलचे प्लम उन्हाळ्यातच येऊन जातात, तेव्हा ही युक्ती पुढच्या जूनसाठी ठेवा.

“मैदा दुप्पट घ्या”

नको. चोवीस सेंटिमीटरच्या भांड्याला तीन अंडी, 300 मिली दूध, 70 ग्रॅम मैदा, 80 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि अर्धा किलो फळं पुरतात. मिश्रण घावनाच्या पिठाइतकं पातळ दिसलं पाहिजे, आणि तसं दिसलं की नवख्यांचा हात मैद्याच्या डब्याकडे जातोच. यातला मैदा दोन कामं करतो: थोडा घट्टपणा देतो आणि अंड्याला फाटण्यापासून सांभाळतो. दुप्पट केलात तर फळाचं पाणी तो शोषेल हे खरं, पण मग चमचा सुळकन आत जाणारा पदार्थ न राहता सुरीने कापायचा रबरी चौकोन हातात येईल. फार ब्रेतोंमध्ये मैदा जास्त असतो, पण त्याबरोबर दूधही पुष्कळ असतं आणि तो तसाच घट्ट व्हावा अशी अपेक्षा असते.

मैदा आधी अंडी-साखरेत गुठळ्या मोडेपर्यंतच मिसळा, मग दूध थोडं थोडं घाला, गाळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. फेटू नका. फेटलेल्या मिश्रणावर फेस येतो आणि भाजल्यावर वर पापुद्रा सुटतो.

“मधोमध खचते, म्हणून बेकिंग पावडर”

क्लाफुती खचतेच. ओव्हनमध्ये मिश्रणातल्या पाण्याची वाफ होते, जमत आलेलं अंडं ती धरून ठेवतं, आधी कडा फुगतात आणि मग मधला भाग. बाहेर काढल्यावर वाफ निवते आणि पाच-दहा मिनिटांत सगळं खाली बसतं. यात बिघडलं काहीच नाही. फोटो काढायचा असेल तर पटकन काढा, एवढंच. बेकिंग पावडर घातली की जाळी पडते, आणि जाळी पडली की तो फळांचा केक. केक करायला कोणाची हरकत नाही, पण मग कृती केकची घ्या, लोणीही त्या मानाने घाला.

“खरपूस होईतो भाजा”

सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. नुसतं अंडं साठ-सत्तर अंशांदरम्यान जमतं. दूध आणि साखर मिसळली की ते लांबतं आणि मिश्रण ऐंशी ते पंच्याऐंशीच्या आसपास जमतं. मैद्यामुळे आणखी थोडी सवलत मिळते. ती संपली की अंड्यातली प्रथिनं आवळत जातात आणि धरून ठेवलेलं पाणी पिळून बाहेर टाकतात. भांड्याच्या तळाशी जे साचतं ते पुष्कळदा फळाचं पाणी नसतंच, ते जास्त भाजलेल्या अंड्या-दुधाचं पाणी असतं. ओळखणं सोपं आहे: एक तुकडा उचलून कापलेली बाजू बघा. बारीक बारीक भोकं असतील आणि त्यातून फिकट, पाणचट द्रव झिरपत असेल, तर दोष भाजण्याचा. पाणी फक्त फोडींच्या भोवती असेल आणि बाकी भाग गुळगुळीत असेल, तर दोष फळाचा.

म्हणजे सल्ला पाळणारा माणूस पाणी सुटू नये म्हणून जास्त भाजतो, त्यानेच पाणी सुटतं, आणि पुढच्या वेळी तो आणखी भाजतो.

180 अंशांवर साधारण 35 ते 45 मिनिटं. कडा सोनेरी आणि पक्क्या, पण भांडं हलवलं तर मधला वाटीएवढा भाग किंचित थरथरला पाहिजे. बाहेर काढल्यावर तो आतल्या उष्णतेनेच जमतो. घरगुती ओटीजीचा आकडा आणि आतलं तापमान यांचं फार जमत नाही, म्हणून घड्याळापेक्षा त्या थरथरीकडे बघा. भांडं जाड काचेचं असेल तर मधला भाग उशिरा जमतो आणि वरचा रॉड तोवर वरचा थर करपवतो. भांडं मधल्या किंवा खालच्या खणात ठेवा.

अंड्याचा वासही बऱ्याचदा इथूनच येतो. पांढऱ्यातली गंधकयुक्त प्रथिनं जास्त तापली की तो वास सुटतो, मग व्हॅनिला कितीही ओता. वेळेत काढलेल्या क्लाफुतीला लिंबाची किसलेली साल पुरते. नॉर्मंडीत सफरचंदाबरोबर काल्वादोस, म्हणजे तिथली सफरचंदाची ब्रँडी घालतात. ती घरात असेल तर प्रश्नच मिटला.

“गरमागरम वाढा”

कोमट वाढा. गरम असताना चव दबते आणि तुकडा मोडतो. फ्रिजमध्ये ठेवलात तर घट्ट होते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर वाईट लागत नाही.

“अंड्याऐवजी कस्टर्ड पावडर”

कस्टर्ड पावडर 1837 मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी काढली, ती पत्नीला अंडी सोसत नसत म्हणून. म्हणजे अंडं टाळणाऱ्यांची सोय हा तिचा मूळ हेतूच आहे, आणि आपल्याकडे तिच्याइतका उपयोग दुसरा कशाचा झाला असेल असं वाटत नाही. पण ती मुळात कॉर्नफ्लोअर. ते दुधात विरघळत नाही, नुसतं तरंगत असतं. ढवळणं थांबलं की तळाशी बसतं, आणि दूध उकळीला आल्याशिवाय नीट दाटत नाही. ओव्हनमध्ये ढवळणार कोण? खाली लापशी, वर साय आणि मध्ये पेअर, असा प्रकार होतो. अंडी चालत नसतील तर ते गॅसवरच ढवळत शिजवा, वाट्यांत ओता, वर लोण्यात परतलेल्या पेअरच्या फोडी घाला. सगळे आवडीने खातील. फक्त त्यासाठी ओव्हन तापवू नका.